ओळखीचे शब्द

परभाषेतून मराठीत आलेले शब्द शिकविताना पोर्तुगीज शब्दांची यादी मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे : पाव, बटाटा, कोबी, अननस, काजू, चावी. वडिलांनी ती भाषा शाळेत शिकली होती. १९६१ च्या मुक्तीनंतर जन्मलेल्या माझ्या वाट्याला एवढे शब्दच आले.

गेल्या वर्षी लिस्बनला जाण्याचा योग आला. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या वंशजांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळू शकते. आजोबांच्या जन्मनोंदीच्या आधारे माझा मुलगा तिकडे स्थायिक झाला. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नसल्याने भारताचे पारपत्र त्याला परत करावे लागले.

एका लहानशा खाणावळीत आम्ही बसलो. न मागताच पाव, ऑलिव्ह आणि चीज पुढे आले. आतिथ्य समजून मी ते संपविले. नको असल्यास ते परत धाडायचे असतात, हे बिल पाहिल्यावर कळले!

पदार्थांचे पत्रक हाती येताच मुलगा मदतीस सरसावला. मी त्याला थांबविले. ‘काल्दु व्हेर्द’ म्हणजे हिरवे सार. त्यात काय असते, असे खुणेने विचारताच वाढपी म्हणाला, “बाताता, कोव्ह.” बटाटा आणि कोबी! दोन्ही माझ्या फळ्यावरचे. मी निःशंकपणे मान डोलावली.

सार आले. बटाट्याच्या दाट रसात बारीक चिरलेली हिरवी पाने, आणि वर तरंगणारी एक लालसर चकती. डुकराच्या मांसाची. गोव्यात आपण जिला चोरीस म्हणतो तीच. नाव परिचयाचे, पण आमच्या घरात कधी न शिजलेली.

“बाबा, ती नको असली तर आधी सांगावं लागतं,” मुलगा म्हणाला. “इथं सगळ्यांना ठाऊकच असतं, म्हणून कुणी बोलत नाही.”

आणि ती चकती चमच्याने उचलून त्याने तोंडात टाकली. इतक्या सहजपणे, की आपण काय केले हे त्याच्या ध्यानातही आले नसावे. मी काही बोललो नाही. माझ्यासाठी दुसरी वाटी आली. चव खरोखरच उत्तम होती.

साखळीला परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पोदेराचा भोंगा वाजला. पाव घेऊन आत येता येता पत्नीने विचारले, “तिकडे तो जेवतो तरी काय?”

“बटाटा, कोबी, पाव,” मी म्हणालो.

तिला बरे वाटले.