तळटीप खरी निघाली, पुढे?

प्रिय सई,

मायकेल क्रायटनच्या ‘स्टेट ऑफ फिअर’ या तापमानवाढीवर शंका घेणाऱ्या कादंबरीतल्या तळटिपा तू ग्रंथालयात बसून ताडून पाहिल्यास. पाहिल्यास तेवढ्या खऱ्या निघाल्या, हे वाचून फार बरं वाटलं. कादंबरीकाराचा शब्दही तपासून घ्यावा असं हल्ली वाटतं कुणाला? पण पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, ‘म्हणजे यातलं विज्ञानही खरं असणार.’ तिथे माझं तुझ्याशी भांडण आहे.

याच लेखकाची १९७६ची ‘ईटर्स ऑफ द डेड’ घे. इब्न फदलान हा दहाव्या शतकातला अरब प्रवासी खरा, त्याचं व्होल्गाकाठचं वर्णनही खरं. पहिली तीन प्रकरणं त्यावर उभी आहेत. पुढे मात्र ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी महाकाव्याची कथा प्रवासवर्णनाचा वेश घालून येते. टिपा आणि संदर्भसूची एखाद्या प्रबंधाच्या थाटाच्या, पण सूचीत ‘नेक्रोनॉमिकॉन’ही आहे! तो ग्रंथ म्हणजे लव्हक्राफ्ट या भयकथाकाराच्या डोक्यातली निर्मिती. गंमत म्हणजे काही वर्षांनी खुद्द क्रायटनच काही संदर्भ शोधत ग्रंथालयात तासन्‌तास बसला. ते आपणच रचले होते, हे त्याला मागाहून उमगलं. स्वतःच त्यानं हे लिहून ठेवलंय.

तो खेळ होता. खोटी टीप पकडली की वाचक हसतो आणि प्रकरण तिथेच मिटतं. २००४च्या ‘स्टेट ऑफ फिअर’मध्ये तसं नाही. पात्रं काल्पनिक, तळटिपा खऱ्या, असं लेखक आधीच बजावतो. आणि त्या खऱ्या असल्यामुळेच आपण बेसावध राहतो.

पीटर डोरान आणि सहकाऱ्यांचा २००२चा ‘नेचर’मधला लेख तिथे अंटार्क्टिकाच्या थंडाव्याचा पुरावा म्हणून येतो. लेख खरा, मोजमापंही खरी. पण २००६ साली डोराननं ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहून तक्रार केली, की आपल्या निष्कर्षांचा तापमानवाढीविरुद्ध गैरवापर झाला, आणि त्यात या कादंबरीचं नाव घेतलं. १९६६ ते २००० या काळात खंडाचा ५८ टक्के भाग थंड झाला होता, पण उरलेला तापत होता. शिवाय एका खंडावरून पृथ्वीचा निकाल लागत नाही.

हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सेनचंही तसंच. १९८८मध्ये त्यानं उत्सर्जनाच्या तीन शक्यता धरून तापमानवाढीचे तीन अंदाज मांडले होते. त्याचा अंदाज तीनशे टक्क्यांनी चुकला, असं कादंबरीत म्हटलंय. हा आकडा निघतो तो सर्वांत चढा अंदाज तेवढा धरल्यामुळे. हॅन्सेनला स्वतःला मधला अंदाज जास्त संभवनीय वाटत होता.

म्हणून टीप सापडली की काम अर्ध्यावर आलं असं समज. मूळ लेखाचा सारांश वाच, निष्कर्ष वाच, लेखकानं स्वतः घातलेल्या मर्यादा वाच. त्या लेखाचा नंतर कुणी आणि कशासाठी आधार घेतला, तेही बघ. सूचीत कोणाला जागाच मिळाली नाही, हे शोधणं सगळ्यांत अवघड, पण तिथेच लेखकाचा कल उघडा पडतो.

तळटिपा ताडायच्या तुझ्या तक्त्यात ‘आहे’ आणि ‘नाही’ असे दोनच रकाने आहेत. तिसरा घाल: ‘मूळ लेखात काय म्हटलंय’. तो भरून झाला की तक्ता मला पाठव. मग भांडू.

तुझी,
मावशी