नावे आणि जमा

बाबांचं पासबुक आमच्या कोपरच्या घरात देवघराखालच्या खणात राहतं. प्लास्टिकचं वेष्टन कोपऱ्यात फाटलेलं, तिथे चिकटपट्टी. स्वभाव अबोल. जे घडलं तेवढंच सांगतं; विचारायला गेलं नाही तर महिनोन् महिने गप्प बसतं.

बाबांनी त्याला कधी एकटं सोडलं नाही. 2019 च्या सप्टेंबरात कोपर पूल धोकादायक म्हणून बंद झाला आणि नवा सुरू व्हायला 2021 चा सप्टेंबर उजाडला. टाळेबंदीचे महिने सोडले, तर त्या काळातही पासबुक बाबांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशातून, रिक्षाने ठाकुर्लीच्या पुलावरून वळसा घेत डोंबिवली पूर्वेला जायचं. मशीनमधून परत आलं की बाबा तिथेच उभ्याउभ्या प्रत्येक ओळीवर बोट फिरवायचे. 'जमा'च्या रकान्यात सरकारी पेन्शन, 'नावे'त वीजबिल, औषधं, नातवाची फी.

मागच्या वर्षी 'नावे'चा रकाना अचानक कोरा पडला. एटीएम पैसे देईना. काउंटरवरची मुलगी हळू आवाजात म्हणाली, "काका, खात्याला डेबिट फ्रीझ आहे. कोर्टाचं पत्र आलंय."

बाबांनी एका जुन्या सहकाऱ्याच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली होती. त्याचे हप्ते थकले, कर्ज देणाऱ्या कंपनीने हुकूमनामा मिळवला, मग वसुलीची दरखास्त लावली आणि जप्तीचा आदेश बँकेत पोचला. करार कायद्याच्या, म्हणजे 1872 च्या, कलम 128 प्रमाणे एरवी जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. कायदा मला समजतो. पण पहिला हप्ता चुकला तेव्हा जामीनदाराला कुणी एका शब्दाने कळवलं नाही, हा अन्यायच वाटतो. पासबुकात त्या मित्राचं नाव कुठेच नाही. एवढा मोठा व्यवहार, आणि त्याची एकही ओळ नाही.

फ्रीझ झालेलं खातं आत घेतं, बाहेर सोडत नाही. एक तारखेच्या आसपास पेन्शन येतच होती. तिमाहीचं व्याजसुद्धा पडलं. शिल्लक वाढत होती आणि बाबा रक्तदाबाच्या गोळ्या उधारीवर आणत होते. खण उघडायचंही त्यांनी सोडलं. दुकानदार काही बोलत नव्हता, तेच त्यांना जास्त लागायचं.

कल्याणच्या वकीलबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "पासबुक भरून आणलंय?" दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मध्ये जप्त न होणाऱ्या गोष्टींची यादी आहे, त्यात पेन्शन येते, 1871 च्या पेन्शन कायद्याचं कलम 11सुद्धा तेच सांगतं. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या खटल्यात निवृत्तीचे पैसे मुदत ठेवीत ठेवले तरी हे संरक्षण सुटत नाही, असं म्हटलं. प्रश्न एकच: खात्यातला पैसा पेन्शनचाच, हे दाखवायचं कसं?

त्या दिवशी आमचं अबोल पासबुक साक्षीला उभं राहिलं. पानामागून पान, महिन्यामागून महिना, 'जमा'त तोच एक शब्द. व्याज सोडलं तर मधे एकच ओळ वेगळी होती: आत्याने परत केलेले वीस हजार. मी म्हटलं, ही दाखवायलाच हवी का? बाबा म्हणाले, "त्याने लिहिलंय ना, मग आहे." वकीलबाईंनी त्या ओळीभोवती पेन्सिलीने गोल केला आणि सगळ्या पानांच्या प्रती अर्जाला जोडल्या.

चौथ्या तारखेला आदेश झाला. वीस हजार अडकून राहिले, पेन्शन मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी आधी औषधवाल्याचा चेक दिला. तो वटल्यावर पासबुक घेऊन डोंबिवलीला गेले, नव्या पुलावरून, चालत. मशीन घरघरलं. बाबांनी चष्मा लावला आणि 'नावे'च्या रकान्यातल्या त्या एका ओळीवर बोट ठेवून बराच वेळ उभे राहिले.