कुंडीतल्या कागदी लिंबाची पिवळी पाने

कुंडीतल्या कागदी लिंबाची पाने पिवळी पडली की हात आधी खताकडे जातो. त्याआधी पान नीट पाहावे. खालची जुनी पाने सरसकट पिवळी असतील तर बहुधा नत्र कमी पडते आहे. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्यागार, ही लोहाच्या उणिवेची खूण. बोअरच्या जड पाण्याने मातीचा सामू ७.५च्या वर गेला की लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. तिथे युरिया घालून काय उपयोग? चिलेटेड लोहच द्यावे. कुंडीच्या काठावर पांढरी पुटे चढली असतील तर क्षार साचले आहेत. खत थांबवून पावसाचे पाणी तळाच्या छिद्रातून भरपूर निथळेपर्यंत सोडावे. सतत ओल्या मातीत मुळे कुजतात, आणि कुजलेले मूळ कुठलेच खत घेत नाही.