पाच दिवसांत चार लग्नं

लग्नसराईत शेतकऱ्याच्या घरी पत्रिका आली की तिची आधी वाटणी होते. हळदीला कोण, लग्नाला कोण आणि ढोरांजवळ घरी कोण!

२०२५ साली आखाजी बुधवारी, ३० एप्रिलला आली. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन, मध्ये एक शुक्रवार, मग शनिवार-रविवार. पुण्या-सुरतेची नोकरदार मुलं शुक्रवारची रजा टाकून गावी आली आणि ज्याने त्याने तेच दिवस धरले. आमच्याकडे चार पत्रिका.

आम्हा खानदेशातल्या लोकांना आखाजी म्हणजे पितरांची घागर आणि माहेरवाशिणी. त्याच दिवशी सालदाराचं सालही संपतं, वर्षाचा हिशेब मिटवायचा असतो. आमच्या सालदाराच्या मुलीचं लग्न रविवारचं. घरात पैसे होते ते फक्त हरभऱ्याचे. कापूस भाव वाढेल या आशेवर घरातच पडलेला, आणि बियाण्याचा खर्च तोंडावर.

मंगळवारी रात्री आहेराची वही काढली. तिचं राज्य तुमच्याही घरी असेलच. आमच्या लग्नात कोणी लुगडं नेसवलं, कोणी भांडं दिलं, सगळं तिच्यात. घरच्यांचं म्हणणं, चुलत दिराच्या मुलाच्या लग्नात पाच जणांना कपडे करावेच लागतील. सालदार काय घरचाच, त्याचे राहिलेले पैसे पावसाळ्यात दिले तरी चालतील. मी म्हटलं, त्याच्या दारात मांडव रविवारी आहे, पावसाळ्यात नाही. बरीच बोलाबोली झाली. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "घागर भरायच्या आधी त्याचं देणं मोकळं करा." त्यावर कोण बोलणार?

सकाळी त्याचा पै न पै हिशेब चुकता केला आणि पहिल्या लग्नाला निघालो. मुहूर्त साडेबाराचा, नवरदेव मारुतीपासून मांडवात यायला दोन वाजले. पोरं नाचत होती आणि म्हातारी माणसं मुठीत अक्षता धरून घाम पुसत होती. मग माइकवर आहेर पुकारायला लागले. आमच्या नावापुढे "एकशे एक रुपये" आलं तशा बाया वळून बघायला लागल्या. एक जण मला ऐकू जाईल अशी म्हणालीच, "यंदा यांचं काही पिकलं नाही वाटतं." मी पोटभर जेवले. वरण-बट्टी झकास होती, ते मात्र सांगितलं पाहिजे. गुरुवारचं आणि शनिवारचं लग्न असंच गेलं.

रविवारी मुहूर्त चुकला नाही. बँड नव्हता, सनई मोबाइलवर लावलेली. मांडववाल्याचे पैसे सालदाराने तिथल्या तिथे रोख मोजून दिले. त्याची बायको मला हाताला धरून चुलीपाशी घेऊन गेली, वांग्याची भाजी चाखायला. आम्ही मुलीला पातळ आणि त्याला टॉवेल-टोपी केली. तो काही बोलला नाही, पण वहीवाल्याजवळ उभा राहून आमचं नाव लिहून घेतलं.

सोमवारी पहाटे गोठ्यात खुडबुड ऐकून बाहेर आले तर हा हजर. नव्या सालाचं अजून ठरायचंच होतं. मी म्हटलं, "भाऊ, आज तरी घरी थांबायचं. साल कुठं ठरलंय?"

"ते ठरेल, वहिनी. आधी बैलांना पाणी दाखवू द्या."