शेहेचाळिसाचा ताळा

माणसाच्या एका पेशीत गुणसूत्रे किती, या प्रश्नाचे उत्तर १९२३ पासून १९५६ पर्यंत ४८ असे होते. पेंटर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकातून मोजून तसे सांगितले. पुढच्यांनी मोजले तरी तितकीच भरली, कारण पुस्तकात ४८ छापलेले होते. १९५६ साली स्वीडनमध्ये त्जिओ आणि लेव्हान या दोघांनी नव्याने मोजदाद केली आणि आकडा ४६ निघाला. ज्याने बँकेत उमर घालवली त्याला यात नवल वाटणार नाही. आदल्या माणसाने बेरजेखाली टिक केली की पुढचा बेरीज करीत नाही, टिकेवर टिक करतो. फरक एवढाच की आमच्याकडे संध्याकाळी कॅश दोन रुपयांनी जास्त भरली तर अख्खी शाखा खोळंबते. शास्त्रज्ञ दोन गुणसूत्रे जास्त धरून तेहेतीस वर्षे खुशाल घरी जात होते.

असो. तर ४६. त्यातली २३ आईची, २३ वडिलांची. म्हणजे माणूस हे जन्मापासूनच जॉइंट अकाउंट आहे. दोघांनी आपापली पूर्ण रक्कम भरली असती तर पोराची ९२ झाली असती, नातवाची १८४, आणि चार पिढ्यांत माणसाला गुणसूत्रे ठेवायला गोडाऊन भाड्याने घ्यावे लागले असते. म्हणून निसर्ग आधी निम्मे करून घेतो. ह्या निम्मे करण्याला अर्धसूत्री विभाजन म्हणतात. भावाभावांतली वाटणी करून पाहिलेल्या कोणालाही सांगायला नको की जगातल्या बहुतेक भानगडी इथेच होतात.

पुरुषाचा कारभार रोजच्या रोज. वयात आल्यापासून कोट्यवधी शुक्राणू निघत राहतात, जुने पेंडिंग काही नाही. बाईचे निराळे. तिची सगळी स्त्रीबीजे ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात. जन्मताना दहा-वीस लाख असतात, त्यांतली जेमतेम चारशे पुढे कामाला येतात. आणि वाटणीचे काम तेव्हाच सुरू होऊन मध्येच थांबते. अर्धे लिहिलेले व्हाउचर तसेच वीस, तीस, चाळीस वर्षे ट्रेमध्ये पडून! ते पुढे सरकते बीज सुटते तेव्हा, आणि पूर्ण होते शुक्राणू आत शिरल्यावर. इतकी वर्षे गुणसूत्रांच्या जोड्या एकत्र बांधून ठेवणारे बंध हळूहळू सैल पडतात. नोटांच्या गड्डीला लावलेला रबर जुना झाला की काय होते ते आम्ही कॅशियर मंडळी जाणतो. एखादी नोट शेजारच्या गड्डीत जाते. आईचे वय वाढते तशी ही चूक वाढते ती यामुळे. २१ नंबरचे गुणसूत्र दोनाऐवजी तीन आले की डाउन सिंड्रोम होतो, हे १९५९ साली पॅरिसला लज्यून आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले.

बाकीच्या बहुतेक चुका जगतच नाहीत. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ पडतात त्यांतल्या सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांचाच आकडा चुकलेला असतो. आणि आपल्याकडे चौकशी कशाची होते? पपई खाल्ली होती का. हंडा कोणी उचलायला सांगितला होता. ग्रहणात विळी हातात घेतली होती का. त्या पोरीने आयुष्यभर मनाशी घोकावे की मी एस.टी.ने माहेरी गेले म्हणूनच झाले. मला या चौकशी अधिकाऱ्यांचा फार राग येतो. बँकेतसुद्धा ज्याने लेजर हातात धरले नाही त्याला मेमो देत नाहीत.

पहिले काही दिवस तर गर्भ आईच्या शिदोरीवरच चालतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चार-आठ पेशी झाल्या की त्याचा स्वतःचा कारभार उघडतो. पाचव्या दिवशी पोकळ चेंडू, आणि मग एक-दोन दिवसांत गर्भाशयात मुक्काम. मुलगा की मुलगी हे ठरलेले असते पहिल्याच क्षणी, पण सहा आठवडे देहावर त्याची खूण नसते. मग वायवरचे १९९० साली सापडलेले एक जनुक उठते आणि फाटा फुटतो.

हे सगळे मला रिसोड तालुक्यातल्या रिठदच्या एका आजोबांना काउंटरवरून समजावून द्यावे लागले. सोबत सून, सुनेच्या पदराखाली तीन महिन्यांची नात.

"साहेब, हे तिसरी. हिचंबी सुकन्याचं खातं खोला."

"आजोबा, त्या योजनेत एका घरातल्या दोनच मुली बसतात. जुळ्या-तिळ्या असल्या तर गोष्ट वेगळी."

"घ्या! सरकारबी दोनावर थांबलं. हिच्यापाशी पोरीचंच बियाणं हाय, तिले आम्ही काय करावं?"

सून खाली बघू लागली. मागे रांग होती, पण रांगेलाही ऐकायचे होते.

"आजोबा, बियाणं तिच्याकडे एकाच वाणाचं असतं हे खरं. तिचं नेहमी एक्स. वाण दोन आहेत ते तुमच्या मुलाकडे. एक्स गेला की मुलगी, वाय गेला की मुलगा."

"म्हंजे गुन्हा आमच्या पोराचा?"

"त्याचाही नाही. निम्मे असे, निम्मे तसे. पोचेल तो पोचेल. तीन मुलांची आठ घरं घेतली तर त्यांत साधारण एका घरी तिन्ही मुलीच असणार. एका घरी तिन्ही मुलगे. नाणं उडवून बघा."

नाण्याचे गणित सरळ आहे, पण खानेसुमारीत ते जुळत नाही. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३, २०११ साली ८९४. गर्भलिंगनिदानावर देशात पहिला कायदा केला तो महाराष्ट्राने, १९८८ साली. एवढा फरक निसर्गाच्या खात्यावर टाकता येत नाही. कोणीतरी हाताने एन्ट्री फिरवली आहे.

"हे एकडाव घरी येऊन सासूबाईले सांगा ना, भाऊ," सून पहिल्यांदाच बोलली.

आजोबांनी ते ऐकले नाही असे दाखवले. "मंग हिच्या नावानं साधं महिन्याचं खातं करा," ते म्हणाले, "पन येक सांगा. हिच्या मायचं ते बी, म्हंजे हे पोरगी ज्याची झाली, ते कधीचं म्हने?"

"तिची आई तिच्या आजीच्या पोटात होती तेव्हाचं. लग्नाच्या कितीतरी आधीचं."

आजोबांनी बोटांवर वर्षे मोजली. मग हळूहळू चेहरा उजळला.

"म्हंजे हिचं अर्धं खातं इवायाच्या घरीच खोललं होतं की! मंग पहिला हप्ता त्यायलेच मागतो."