घरखर्चाच्या वहीत प्लॉटर

मैत्रिणींनो, नवऱ्याच्या कारखान्यातल्या यंत्रांत बायकांनी डोकं घालू नये, असं आमच्याकडे उघड कुणी म्हणत नाही. पण पैसे कमी पडले की माझ्या अर्धवेळ शिकवण्यातून साठवलेल्या ठेवीकडे सगळ्यांचे डोळे लागतात. मग मी डोकं घालणारच, नाही का? या खेपेला यंत्र होतं प्लॉटर, म्हणजे मोठाली ड्रॉइंग छापणारा प्रिंटर.

सातपूरला ह्यांचं लोखंडी टाक्या आणि जिने बनवण्याचं छोटंसं वर्कशॉप आहे. ड्रॉइंग संगणकावर होतं, छापायला मात्र दुकान गाठायचं. घाई असली की ऑफिसातल्या लहान प्रिंटरवर ए-३ कागदावर काढायचं. ए-१ चं ड्रॉइंग ए-३ वर आणलं की प्रत्येक आकडा उंचीला निम्मा होतो. दिवाळीच्या तोंडावर आमच्या वयस्क फिटरमामांनी इंग्रजी आठाचा तीन वाचला आणि जाड पत्रा भलताच कापला गेला. पत्रा गेला तो गेलाच. पण मामा आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत, ते मला जास्त लागलं.

विक्रेते आले ते ‘३६ इंचीच घ्या’ म्हणत. मी दुकानाची जुनी बिलं काढून बसले. एका महिन्यात ए-१ ची ४१ ड्रॉइंग आणि त्याच्या दुप्पट असलेल्या ए-० ची अवघी २! ए-१ ची रुंदी ५९४ मिलिमीटर, ते २४ इंची रोलवर मावतं. दोन कागदांसाठी मोठं यंत्र कशाला? पंक्तीचं पातेलं आपण भाड्यानंच आणतो की!

शाईचं मात्र नीट विचारून घ्या. डाय शाई ओल्या हातानं पसरते, पिगमेंट शाई सहसा पसरत नाही. काही यंत्रांत काळी शाई तेवढी पिगमेंट आणि रंग डाय असतात. आमच्याकडे दुरुस्त्या लाल रेघेनं दाखवतात. तीच फिसकटली तर? म्हणून सगळ्या शाया पिगमेंट असलेलं यंत्र घेतलं. यंत्राबरोबरची पहिली शाई बहुधा कमीच असते आणि त्यातली बरीचशी आतल्या नळ्या भरण्यात जाते, तेव्हा पुढच्या शाईचा भाव लेखी घ्यावा. यंत्र बरेच दिवस बंद राहिलं की छापणारी बारीक छिद्रं सुकतात आणि ती साफ करायलाही शाईच खर्च होते, बरं का! टोनरवर चालणारी मोठी यंत्रंही असतात, पण ती ढिगानं छापणाऱ्यांची.

ठेव मोडली. ह्यांनी दरमहा परत भरायचं कबूल केलंय, तसं वहीत लिहूनही घेतलंय.

यंत्र ग्राइंडरच्या धुळीपासून लांब, ऑफिसच्या खोलीत ठेवलंय. कागदाचे दोन रोल जास्तीचे आणलेत, ते पावसाळ्यात दमट होऊ नयेत म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात वरच्या फळीवर आहेत.