शेवटची बादली

यंदाच्या दिवाळीस थोरल्या भगिनीच्या आग्रहावरून पाटसास जाण्याचा योग आला. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने यवत, केडगाव व कडेठाण मागे टाकले, की पाटसचे लहानसे स्थानक येते. हा लोहमार्ग १८५८ सालचा. गावाची ख्याती मात्र वारीच्या वाटेमुळे. तुकोबांची पालखी पंढरीस जाताना येथे विसावते आणि मग रोटीचा घाट चढते. भीमा सहकारी साखर कारखाना याच परिसरात उभारला गेल्याने ‘बॉयलर’ हा शब्दही येथे कुणास अपरिचित नाही.

आक्कांचे कुटुंब बारा माणसांचे. परसात तांब्याचा बंब. त्याच्या नळकांड्यात काटक्या व शेण्या घालून पहाटे तो पेटवावयाचा, एक बादली उपसली की तितकेच गार पाणी ओतावयाचे. वडीलधाऱ्यांना कढत पाणी मिळे. पण पहाटे उठून बंब पेटवणारी सूनबाई सर्वांमागून न्हाई, तोवर जाळ मंदावलेला असे आणि पाणी कोमट झालेले असे. वाग्भटाने उष्णोदक अंगास बलकर व मस्तकास अहितकर म्हटले आहे. तिच्या वाट्यास अंगापुरतेही ते धड येत नसे.

यंदा पाहतो तो न्हाणीघराच्या भिंतीवर गॅसवर चालणारी एक पेटी! तीत साठा नाही. तोटी उघडताच ज्योत पेटते व वाहते पाणी तापते. इंग्लंडातून आलेला नातू म्हणाला, “आजोबा, आमच्याकडचा कॉम्बी बॉयलर असाच, तो घरही उबदार ठेवतो. पण दोन नळ एकदम सोडले की दोघांचेही पाणी निम्मे.”

आक्कांनी विचारले, “बापू, एवढीशी पेटी बारा जणांना पुरेल का रे?”

जुन्या शिक्षकास उदाहरण मिळाले! पेटी मिनिटास ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवते. आपल्याकडे थंडीत पाणी सुमारे २० अंशांचे. म्हणजे १८ लिटरांची बादली ३ मिनिटांत, बारा बादल्या ३६ मिनिटांत. विलायतेत हिवाळ्याचे पाणी पुष्कळच गार. तेथे ३५ अंश चढवून मिनिटास सुमारे १० लिटर द्यावयाचे तर २४ किलोवॉटचे यंत्र लागते. उलट विजेच्या २५ लिटरांच्या टाकीत ६० अंशांचे पाणी घेऊन त्यात गार मिसळले तरी सुमारे सव्वादोन बादल्यांनंतर अर्ध्या तासावर खोळंबा. गॅसचा खर्च बादलीस अदमासे ५० ग्रॅम. बारा जण रोज न्हाल्यास १४.२ किलोची टाकी जेमतेम तीन आठवडे चालावी.

“पुरेल,” असा मी निर्वाळा दिला.

नरकचतुर्दशीच्या पहाटे गारठा होता. झरोका लावून घेतला होता. अकरा अभ्यंगस्नाने झाली. अखेरीस सूनबाई गेली. बादलीत पाणी प्रथमच कढत होते. परंतु ती बाहेर आली ती भिंत धरून. डोके गरगरत होते, मळमळत होते. तिला लगोलग ओसरीवर मोकळ्या हवेत बसवले, डॉक्टरांना बोलावले. सुदैवाने ती सावरली.

कारण उघड होते. कोंदट खोलीत ज्योत जळत राहिली की प्राणवायू अपुरा पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्यास ना रंग ना गंध. अकरा स्नानांचा तो साठा बाराव्या माणसाच्या वाट्यास आला. मी पाण्याचे गणित अचूक मांडले, हवेचे मांडलेच नाही. ही चूक माझी.

वाचकहो, असे यंत्र घरी असेल तर ते न्हाणीघराबाहेर, उघड्यावर बसवा आणि पाण्याची नळी तेवढी आत घ्या. झरोका तर कधीच बुजवू नका. पाणी पुरले की नाही, हेही शेवटी न्हाणाऱ्यास विचारावे. पहिल्याचे उत्तर नेहमी ‘पुरले’ असेच येते.

पाटसची पेटी दिवाळीनंतर परसातल्या भिंतीवर गेली. तोवर पाडव्यास पुन्हा बंबच पेटला, आणि तो मी पेटवला. पाणी तापताच आक्का म्हणाल्या, “सूनबाई, आज पहिली बादली तुझी.”

ती संकोचून थबकली. आक्कांनी स्वतः बादली उचलून आत ठेवली. त्या दिवशी शेवटी मी न्हालो. पाणी कोमट होते.